सायकलचा रेनकोट गळतो तेव्हा

भुकूममध्ये रेनकोटची परीक्षा लवकर होते. चांदणी चौकातून निघालेला रस्ता भूगाव ओलांडून इथे येतो आणि पुढे पिरंगुटच्या घाटाकडे चढतो. पाऊस मात्र उलट बाजूने, ताम्हिणीकडून पौडमार्गे उतरतो. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि शिवाजीनगरला ११४. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात आपण राहतो. पिरंगुटच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला सायकलने जाणारे कामगार, लवळ्याकडे जाणारी मुलं आणि शनिवार-रविवारी ताम्हिणीची वाट धरणारे हौशी सायकलस्वार यांना इथे अर्धाअर्धा तास सलग पाऊस अंगावर घ्यावा लागतो. शहरातल्या पाच मिनिटांच्या सरीत टिकलेला रेनकोट या रस्त्यावर अंगाला चिकटतो, खांद्यातून झिरपतो, नाहीतर बैठकीवर उसवतो.

मग तो घेऊन कोथरूडला, बावधनला किंवा पेठेतल्या दुकानात जायचं आणि हात हलवत परत यायचं, असं अनेकांचं होतं. यात दुकानदाराचा आडमुठेपणा असतो, पण आपली तयारी नसते हेही खरं. रेनकोट परत घेतला जाईल की नाही हे काउंटरवर आवाज चढवून क्वचितच ठरतं. घेताना आपण काय विचारलं आणि घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात काय तपासलं, यावर ते बरंचसं ठरून गेलेलं असतं.

सगळ्यात आधी तारखांकडे बघा. रेनकोट बहुतेकजण मेच्या अखेरीस घेतात, कारण तेव्हा दुकानात माप आणि रंग मिळतात. पुण्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो आणि खरा झोडपणारा पाऊस जुलैत येतो. २०२५ सारखं मेच्या शेवटच्या आठवड्यातच पाऊस दाखल होणं हा अपवाद. म्हणजे २० मेला घेतलेला रेनकोट गळतो हे आपल्याला जुलैत कळतं आणि तोवर महिना उलटून गेलेला असतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये एक मुद्दा आपल्या फार उपयोगाचा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. त्यासाठी बिलावर लिहिलेली मुदत लागू होते आणि बिलावर मुदतच नसेल तर तीस दिवस. तीस दिवसांनंतर सगळे हक्क संपतात असं नाही, ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षं असतात. पण तीस दिवसांच्या आत बोललेल्या माणसाची बाजू भक्कम असते. म्हणून पावसाची वाट पाहू नका, रेनकोट घरी आला त्याच आठवड्यात त्याला पाणी दाखवा. कसं, ते पुढे सांगतो.

त्याआधी खरेदी. दुकानात शिरल्यावर ‘चांगला रेनकोट दाखवा’ म्हटलं की समोर मोटरसायकलचा रेनकोट येतो. तो वाईट असतो असं नाही, पण पाय हलवणाऱ्या माणसासाठी तो बेतलेला नसतो. आपलं काम सांगून मागा: ‘सायकलवर, भर पावसात, रोज अर्धा-पाऊण तास, चढ आहे.’ हे सांगण्याला कायद्यात वजन आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, ग्राहकाने वस्तू कशासाठी हवी ते सांगितलं असेल आणि तो माल विकणाऱ्या माणसाच्या जाणकारीवर विसंबून त्याने ती घेतली असेल, तर ती त्या कामाला पुरी पडेल अशी अट त्या सौद्यात गृहीत धरली जाते. मात्र आपणच ठरावीक कंपनीचं नाव घेऊन ‘तोच द्या’ म्हणालो, तर या कलमाचा आधार पातळ होतो. २०१९ च्या कायद्यातली ‘दोष’ या शब्दाची व्याख्याही अशीच उपयोगी आहे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला त्यात वस्तू कमी पडली, तर तो दोषच. पाटीवरचा दावा, लेबलवरचा दावा, तोंडी दावा, सगळं त्यात येतं.

अडचण फक्त तोंडी दाव्याच्या पुराव्याची. त्यावर साधा उपाय आहे. दुकानदाराचा व्हॉट्सअॅप नंबर बहुधा बिलावर किंवा पाटीवर असतोच. घेण्याआधी त्याला लिहा: ‘भुकूम ते कोथरूड रोज सायकलने जातो. जोरदार पावसात पाऊण तास आत पाणी येणार नाही ना?’ त्याने ‘नाही येणार, बिनधास्त घ्या’ असं उत्तर दिलं की ते जपून ठेवा. उत्तर द्यायला तो कचरला, तर तेवढ्यानेही आपल्याला पुरेसं कळतं.

लेबल नीट वाचा. ‘वॉटर रिपेलंट’ आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं कापड रिमझिम सोसतं. धो धो पावसात ते भिजलं तर दुकानदार लेबलवर बोट ठेवेल आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. ‘वॉटरप्रूफ’ असेल तर सोबत पाण्याच्या स्तंभाचा आकडा आहे का बघा, ५,००० मिलिमीटर, १०,००० मिलिमीटर असा. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसतं, असा त्याचा अर्थ. पण आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नसतो. सुईने पाडलेल्या भोकांवर आतून चिकटपट्टी, म्हणजे सीम टेप, नसेल तर १०,००० च्या कापडातूनही पाणी येतं. दुकानातच रेनकोट उलटा करा. खांदा, काख, टोपीचा जोड आणि पँटची बैठक या चार ठिकाणी पट्टी सलग आहे का, कुठे सुटलेली आहे का ते बोट फिरवून पाहा.

उत्पादनाचा महिना आणि वर्षही लेबलवर शोधा. पाकीटबंद मालावर ते छापणं बंधनकारक आहे, ग्राहक तक्रारीचा नंबरसुद्धा. गेल्या वर्षीचा उरलेला माल मेमध्ये पुन्हा बाहेर येऊ शकतो. स्वस्त रेनकोटांच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो आणि दमट जागी घडी करून पडून राहिला की तो पाण्याच्या अंशाने हळूहळू विघटित होतो. आधी चिकट लागतो, मग कोंड्यासारखा सुटतो. आतून हात फिरवल्यावर चिकटपणा जाणवला किंवा आंबूस वास आला तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.

मापही सायकलवर बसल्यासारखं घ्या. दुकानात लाज वाटते, पण हात पुढे करून कमरेत वाका. मनगटं उघडी पडतात का, पाठीचा पदर वर सरकतो का, टोपी हेल्मेटखाली बसते का, गुडघा वर घेताना पँट ताणते का, हे उभं राहून आरशात पाहिल्याने कळत नाही. बिल पक्कंच घ्या आणि त्यावर रेनकोटचं मॉडेल लिहून घ्या. ‘रेनवेअर १ नग’ एवढ्यावर पुढे वाद होतो. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलम २(४७) प्रमाणे अनुचित प्रथा आहे.

आता घरची तपासणी. मापाबद्दल किंवा रंगाबद्दल मनात शंका असेल तर पाणी लावू नका, टॅग काढू नका, थेट दुकान गाठा. न आवडलेला पण निर्दोष माल परत घ्यायची सक्ती कायदा दुकानदारावर करत नाही. ती त्याची पद्धत आणि त्याचं सौजन्य. तिथे नवीकोरी वस्तू आणि गोड शब्द एवढंच आपल्या हातात असतं. माप ठीक असेल तरच पाण्याकडे वळा.

शिवण मध्यभागी येईल असा कापडाचा खोलगा करा, त्यात वाटीभर पाणी ओता आणि खाली कोरडं वर्तमानपत्र ठेवा. पंधरा मिनिटांत कागदावर डाग उमटला तर शिवण गळते. दोन-तीन शिवणींवर हे करा. मग आत फिक्या निळ्या किंवा करड्या रंगाचा सुती सदरा घालून रेनकोट चढवा आणि पाच मिनिटं शॉवरखाली स्वस्थ उभे राहा. स्वस्थ उभं राहणं महत्त्वाचं, कारण हालचाल नाही म्हणजे घाम जवळजवळ नाही. बाहेर येऊन सदरा पाहा. खांद्यावर किंवा छातीच्या चेनपाशी ठळक डाग असेल तर ती गळती. सदऱ्याचा आणि त्या जागेच्या आतल्या शिवणीचा फोटो लगेच काढा.

ही कसरत एवढ्यासाठी की रस्त्यावर गळती आणि घाम यांत खूपदा गल्लत होते. भूगावहून भुकूमपर्यंत जोर लावून आलं की अंग आतून ओलं झालेलं असतं आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो. ब्रीदेबल म्हणून विकलं जाणारं कापड आतली वाफ बाहेर सोडतं ते अंगाजवळचं बाष्प आणि बाहेरचं बाष्प यांच्या दाबात फरक असतो म्हणून. थंड देशात १० अंशांच्या पावसात हा फरक मोठा असतो. आपल्याकडे जुलैत २४ अंश तापमान आणि बाष्पाने ओथंबलेली हवा असते, तेव्हा हाच फरक जवळपास निम्मा उरतो. म्हणजे परदेशात वाखाणलेला महागडा रेनकोटही मुळशीच्या पावसाळ्यात कोंदटच वाटणार. तो सदोष नसतो, इथल्या हवेत त्याला तेवढंच जमतं. ‘अजिबात घाम येणार नाही’ असं विक्रेत्याने लिहून दिलं असेल तर मात्र त्याला त्याचं वाक्य जरूर दाखवा.

मला स्वतःला वाटतं की इथे कापडाच्या आकड्यांपेक्षा हवेच्या वाटांवर पैसे खर्च करावेत. काखेत उघडणाऱ्या चेन, पाठीवर झडपेखालची जाळी, सैल घेर. मुळशीच्या भातखाचरांत लावणीला वाकलेल्या बायका इरलं घेत, ते पाठ आणि डोकं झाकून पुढून, खालून मोकळं असे. सायकलवरही आपण वाकलेलेच असतो. पुढे हँडलपर्यंत पसरणारा, खालून मोकळा पाँचो वारा नसलेल्या दिवशी पूर्ण बंद सूटपेक्षा जास्त सुखाचा असतो. घाटात वारा सुटला की मात्र तो शिडासारखा फुगतो, तेव्हा वाहतुकीच्या रस्त्यावर तो नकोच.

आणखी दोन गोष्टी रेनकोटच्या माथी मारू नयेत. पाठीची खालची बाजू आणि पावलं भिजतात ती मागच्या-पुढच्या चाकाने उडवलेल्या पाण्याने. त्याला उपाय लांब मडगार्ड. पाठपिशवीच्या पट्ट्यांखाली आणि सीटवर दाब पडून पातळ कापडातून ओल आत येते, तीही लेबलवरच्या आकड्याची मर्यादा असू शकते. पण बैठकीची शिवण पंधरा दिवसांत उसवली, चेन तुटली, पट्टी सोलवटली, आतला थर पहिल्याच पावसाळ्यात सुटला, तर हे सरळसरळ दोष आहेत आणि त्यासाठी संकोच करायचं कारण नाही. ‘वापरलेला माल परत घेत नाही’ हे उत्तर तिथे लागू पडत नाही. गळका रेनकोट वापरल्याशिवाय गळका आहे हे कळणार कसं?

दुकानात जाण्याची वेळ निवडा. शनिवारी संध्याकाळी, बाहेर पाऊस आणि आत गर्दी असताना कोणताही दुकानदार नीट ऐकणार नाही, आणि दहा गिऱ्हाइकांसमोर मालाला नावं ठेवली तर तो बचावाच्या पवित्र्यात जाईल. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. रेनकोट पूर्ण वाळवलेला, चिखल पुसलेला असू द्या. बिल, टॅग, पैसे दिल्याची नोंद आणि फोटो बरोबर घ्या. नोकराशी हुज्जत न घालता मालकाला भेटा आणि एकच दोष, एकच जागा, एकच मागणी ठेवा: ‘काका, गेल्या सोमवारी हा नेला होता. डाव्या खांद्याच्या शिवणीतून पाणी येतंय, ही पट्टी सुटलीय बघा. मी सायकलसाठी हवा म्हणून सांगितलं होतं. पैसे परत द्या.’ इथे थांबा, त्याला बोलू द्या. ‘रंगही जरा वेगळाच निघाला, बायकोलाही आवडला नाही’ असं पुढे जोडलंत की खरा दोष नावडीत बुडतो.

दुकानदाराची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण त्यातूनच वाट निघते. त्याला हा नग पुढे घाऊक व्यापाऱ्याकडे किंवा कंपनीकडे परत करायचा असतो. लेबल शाबूत, दोष दिसणारा, फोटो स्पष्ट असेल तर त्याचं नुकसान भरून निघण्याची आशा असते. नुसतं ‘गळतो’ एवढंच असेल तर तोटा त्याच्या गल्ल्यातून जातो. लहान दुकानदाराला तो फोटो आपणहून पाठवून द्या.

तो बहुधा तीनपैकी एक पर्याय पुढे करेल. बदली नग देऊ केला तर आधी विचार करा की दोष या नगाचा आहे की मालाचाच. एका जागी पट्टी सुटली असेल तर दुसरा नग घ्यायला हरकत नाही, तिथेच उलटा करून तपासा. शिवणींना मुळात पट्टीच नसेल तर बदली नगही गळणार, तो घेऊन तीस दिवसांतले आठ-दहा दिवस वाया घालवू नका. दुरुस्ती करून देतो म्हणाला तर किती दिवसांत, ते बिलावर लिहून घ्या. जुलैत पंधरा दिवस रेनकोटशिवाय राहणं परवडत नाही. क्रेडिट नोट दिली तर तिची मुदत बघा आणि त्या दुकानात आपल्याला खरंच काही घ्यायचं आहे का ते स्वतःला विचारा. सदोष मालाबाबत कायदा पैसे परत करण्याची भाषा करतो, त्यामुळे क्रेडिट नोट स्वीकारणं हे बंधन नाही. भिंतीवरची ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही, हे शांतपणे सांगता येतं.

मोबाइलवरून मागवलेल्या रेनकोटाला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. म्हणून मागवतानाच विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ‘हंड्रेड पर्सेंट वॉटरप्रूफ’ हे शब्द नंतर पानावरून गायब होऊ शकतात. पाकीट उघडताना व्हिडिओ घ्या. परत न्यायला आलेला मुलगा दारातच टॅग आणि लेबल तपासतो, त्याच्याकडून पोच घेतल्याशिवाय पाकीट हातात देऊ नका.

दुकानात नकार मिळाला तर तिथेच भांडू नका. घरी येऊन त्याच दिवशी मालकाला लिहा, मजकूर एवढा पुरे: ‘आपल्या दुकानातून अमुक तारखेला, अमुक बिल क्रमांकाने, अमुक मॉडेलचा रेनकोट सायकलवर वापरण्यासाठी घेतला. डाव्या खांद्याच्या शिवणीतून पाणी येते. फोटो सोबत आहेत. आज दुकानात येऊन परत देऊ केला, आपण नकार दिला. सात दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी, ही विनंती. न दिल्यास ग्राहक हेल्पलाइनकडे आणि जिल्हा आयोगाकडे तक्रार करावी लागेल.’ हीच प्रत लेबलवरच्या कंपनीच्या पत्त्यावरही पाठवा. कित्येकदा दुकानदार ऐकत नाही पण कंपनी ऐकते.

सात दिवस गेले की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, ती कंपनीशी बोलून मध्यस्थी करते. तरीही फोन फुकट आहे, तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि तो पुढे कामी येतो. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत या संघटनेचं काम पुण्यातच सुरू केलं. तिचे कार्यकर्ते भेटले तर अर्ज लिहायला त्यांची मदत जरूर घ्या.

शेवटची पायरी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे दुकान किंवा ऑनलाइन विक्रेता बंगळुरूचा असला तरी भुकूमच्या माणसाला पुण्याबाहेर जावं लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरबसल्या भरता येतो. सहाशे रुपयांच्या रेनकोटासाठी मी एवढं कुणाला सुचवणार नाही, तारखांचा व्याप त्या रकमेपेक्षा मोठा. चार-पाच हजारांच्या सूटसाठी, किंवा तोच गळका माल सगळ्यांच्या गळ्यात मारला जातोय असं दिसलं तर मात्र नक्की करावं. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत परत करायला आणि भरपाई द्यायलाही सांगू शकतो.

आयोगाला गरज वाटली तर तो वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो. म्हणून तक्रार केल्यापासून त्या रेनकोटाला हात लावू नका. सुटलेली पट्टी गोंदाने चिकटवू नका, धुऊ नका, मोलकरणीला किंवा शेजाऱ्याला ‘तोवर वापरा’ म्हणून देऊ नका. पूर्ण वाळवून, टॅग आणि बिलाच्या झेरॉक्ससकट कापडी पिशवीत घालून, कपाटाच्या वरच्या कोरड्या फळीवर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलात तर आतला थर आणखी खराब होईल आणि विक्रेत्याला सांगता येईल की तो तुम्हीच खराब केलात.